बाई माझ्या ओठांकडे बघायची

मोठ्या बहिणीला आमच्या घरात सगळेच बाई म्हणत. आई म्हणायची, वडील म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळेत ती गेलीच नाही, कारण शाळेत जायच्या वयात मी तिच्या काखेत होते आणि आई धानाच्या बांधीत. मी मात्र शिकले, नर्स झाले, आणि नोकरीची बहुतेक वर्षं भामरागडकडच्या एका उपकेंद्रात काढली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर वरोऱ्याला दोन खोल्यांचं घर बांधलं. त्याच वर्षी भाऊजी गेले, तेव्हा बाईला मी माझ्याकडे आणलं. तिचा मुलगा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला, भाड्याच्या एका खोलीत राहायचा. तोही म्हणाला, मावशी, तुझ्याकडेच बरी राहील ती.

बाईचे कान तोवर गेलेले होते. मी नागपूरहून कानाचं मशीन आणून दिलं. दोन दिवस लावलं आणि डब्यात ठेवून दिलं. डोक्यात कोणी कढई घासून राह्यलं असं वाटते, म्हणाली. मग आमचं आम्हीच जमवलं. मी तिच्यासमोर बसायचे, तोंड तिच्याकडे करून सावकाश बोलायचे, आणि ती माझ्या ओठांकडे बघून समजून घ्यायची. सहा वर्षांत ती इतकी पटाईत झाली की गॅसपाशी उभी राहून, मान वळवून, माझं अख्खं वाक्य उचलायची. बाकी कोणाचं तिला फारसं कळत नसे. शेजारच्या गुरुजींच्या मिशांमुळे त्यांचं एक अक्षर कळत नव्हतं. जग तिला जे काही ऐकू यायचं, ते माझ्या तोंडून. मला त्याचा अभिमान होता, आणि कधीकधी कंटाळाही यायचा. दोन्ही खरं आहे.

त्या ऑक्टोबरात माझ्या बरोबरीच्या दोघी नर्स मला भेटायला आल्या. खूप वर्षांनी भेटत होतो. बोलायला बसलो, तर बाई दर मिनिटाला माझा पदर ओढायची. "काय म्हणते ते? काय म्हणते?" एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी वळले आणि म्हणाले, "तुले ऐकू येत नाई तं मधात काऊन बोलतं? जा, आत जाऊन बस." हे मी तिच्याकडे तोंड करून, नेहमीसारखं सावकाश बोलले होते. त्यामुळे तिला ते पूर्ण कळलं. ती उठून आत गेली. रात्री आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी ठरवलं, सकाळी चहाच्या वेळी काहीतरी बोलू आणि मिटवून टाकू.

सकाळी चहा मीच केला. तिचा कप तिच्यापुढे ठेवला, माझा तोंडाला लावला, आणि घोट आत गेलाच नाही. चहा हनुवटीवरून लुगड्यावर सांडला. मला वाटलं गरम लागला. फुंकर मारायला गेले तर ओठ जुळेनात. जीभ हलवायला गेले तर जीभ जागची हलेना. हात हलत होते, पाय हलत होते, डोकं अगदी स्वच्छ होतं, पण कपाळापासून गळ्यापर्यंतचं काहीच माझं ऐकत नव्हतं. जबडा थोडा लोंबला होता आणि लाळ गळायला लागली होती.

दोन वर्षांपूर्वी माझा डावा हात आठवडाभर जड झाला होता. तेव्हा गोळ्या सुरू केल्या. हात बरा झाला, आणि मी, जिने गावोगावच्या लोकांना बीपीची गोळी चुकवू नका म्हणून सांगितलं, तीच मी पुढे गोळ्या चुकवायला लागले. चहा सांडला त्या क्षणी मला कळलं, हे त्याचंच फळ आहे.

मी बाईकडे बघितलं. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"अजून तोंड पाडूनच बसली काय?" ती म्हणाली. "बोलायचं नसन तं नको बोलू."

तिने आपला कप उचलला आणि अंगणात जाऊन तुरी निवडत बसली. माझा अबोला आहे, असं तिला वाटलं होतं. मी तशीच चप्पल न घालता गुरुजींच्या घरी गेले. त्यांच्या ओसरीवर वर्तमानपत्र पडलं होतं. त्याच्या कडेला लिहिलं, "लकवा. लवकर दवाखान्यात न्या." गुरुजींनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या मिनिटाला ऑटो बोलावला. बाईलाही त्यात बसवलं.

वरोऱ्याहून चंद्रपूरला पाठवलं. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलणारे. त्यांनी मला एकेक करायला सांगितलं. डोळे मिटा. गाल फुगवा. दात दाखवा. जीभ बाहेर काढा. मला सगळं ऐकू येत होतं, समजत होतं, आणि एकही गोष्ट करता येत नव्हती. पाणी तोंडात घातलं तर ते तसंच तोंडात राहिलं आणि थोड्या वेळाने ओठांतून बाहेर आलं. बाई आणि गुरुजी पायाशी उभे होते. डॉक्टर टिपण करून वळले, आणि तेवढ्यात मला जांभई आली. चांगली मोठी, जबडा पूर्ण उघडून, डोळे घट्ट मिटून. जांभई संपली आणि चेहरा पुन्हा थिजला.

डॉक्टर परत आले. त्यांनी गुरुजींना सांगितलं, "मेंदूत एका बाजूला जुना व्रण आहे, आता दुसऱ्या बाजूलाही झाला. दोन्हीकडची तीच जागा गेली आहे. आपण ठरवून चेहरा हलवतो, ठरवून गिळतो, तो रस्ता बंद झालाय. आपोआप होतं ते, म्हणजे जांभई, हसू, रडू, खोकला, त्याचा रस्ता वेगळा आहे. तो चालू आहे." मला ते ताबडतोब पटलं. नर्स होते, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

बाईला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तिने फक्त एवढंच पाहिलं होतं की हिला तोंड उघडता येतं.

गुरुजींनी तिच्या कानाशी ओरडून सांगायचा प्रयत्न केला. वॉर्डातले सगळे बघायला लागले. बाई मान हलवत राहिली. लकवा हा शब्द तिला कळला, पण लकव्याची माणसं तिने पाहिलेली होती. त्यांचं तोंड वाकडं असतं, हातपाय जातात. माझं तोंड सरळ होतं. हात धड होते. मी स्वतःच्या पायांनी बाथरूमला जात होते. तिच्या हिशोबाने मी चालते, फिरते, जांभई देते, फक्त तिच्याशी बोलत नाही.

नाकातून नळी घालून घरी पाठवलं. अशा नळ्या मी किती जणांना घातल्या होत्या. नळी घालताना "गिळा, गिळा" म्हणायचे. माझ्या वेळी नर्सने तेच म्हटलं आणि मग ओशाळली.

घरी बाईने माझं सगळं केलं. पातळ वरण, दूध, गाळलेली पेज, वेळच्या वेळी नळीतून घालायची. लाळ पुसायची, लुगडी धुवायची. त्यात कसूर नव्हती. पण रोज एकदा ती माझ्यासमोर पाट मांडून बसायची आणि माझ्या ओठांकडे बघायची.

"बोल," म्हणायची. "हळू बोल. मी पाहून राह्यलो."

मी मान हलवून नाही म्हणायचे. मानेनं हो आणि नाही एवढंच जमायचं. हाताने पाणी, औषध, पंखा, हे दाखवता यायचं. मी पाटी आणली होती, तिच्यावर हवं ते लिहू शकत होते, पण बाईला अक्षरओळख नव्हती. गुरुजींच्या बायकोला बोलवायचं, तिने पाटी वाचायची, बाईच्या कानात ओरडायचं. शेवग्याच्या शेंगा आणायच्या असतील तर ठीक. पण "त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर आत जा म्हटलं, ते माझं चुकलं," हे मी शेजारणीकडून कसं ओरडवून घेणार? एकदा लिहिलंही. गुरुजींची बायको आत येताना दिसली तशी हाताने पुसून टाकलं.

पाच-सहा दिवसांनी बाई समोर येऊन बसेनाशी झाली. मग बोलेनाशीही झाली. उत्तर देणारं कोणी नसल्यावर बहिऱ्या माणसाने बोलायचं तरी कशाला? घरात भांड्यांचा आवाज यायचा, झाडूचा यायचा, आणि माझ्या श्वासाचा. मला तो सगळा ऐकू यायचा. तिला तेवढाही नाही.

मला त्या दिवसांत उपकेंद्रातलं पहिलं वर्ष फार आठवायचं. पुरामुळे रस्ता बंद झाला होता आणि महिनाभर कोणी येऊ-जाऊ शकत नव्हतं. गावातले लोक माडिया बोलत, मला त्यातला एक शब्द येत नव्हता. शेजारच्या घरातली म्हातारी दिवसातून एकदा यायची, माझ्या चुलीशी बसायची, बांबूचे कोवळे कोंब सोलून द्यायची. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. ती हसली की मी हसायचे. मी हसले की ती हसायची. तेवढ्यावर मी तो महिना काढला. म्हणजे माझ्यापाशी तेव्हा चेहरा होता. चेहऱ्यावर किती भागतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बदल झाला तो एका दुपारी. मी खाटेवर झोपले होते. जागी झाले तर बाई माझ्या उशाशी बसलेली आणि तिची दोन बोटं माझ्या गळ्यावर.

"तू झोपेत थुका गिळतं," ती म्हणाली. खूप दिवसांनी तिचा आवाज ऐकला. "मी पाहून राह्यलो घडीभर. गळा खालीवर होते. जागी झाली का बंद. म्हणजे तू नाटक नाई करत. झोपेत कोण नाटक करते?"

मी मान हलवली. तिने बोटं काढून घेतली.

पुढच्या तपासणीला ती गुरुजींबरोबर चंद्रपूरला आली आणि डॉक्टरांना आपल्या गळ्यावर बोट ठेवून, डोळे मिटून दाखवलं, झोपेत गिळते म्हणून. त्यांनी गिळणं शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी तासभर तपासलं. पातळ काही द्यायचं नाही, घट्ट द्यायचं. चमचा जिभेच्या पार मागे न्यायचा, हनुवटी जराशी वर करायची. मागे घास पोचला की तो आपोआप गिळला जाईल. जबरदस्ती करायची नाही, ठसका लागला की थांबायचं. बाई त्यांच्या हातांकडे टक लावून बघत होती. शिकवायला शब्द लागले नाहीत.

घरी तिने ज्वारीची घट्ट आंबील केली आणि पहिला चमचा मागे ठेवला. मी गिळायचा विचार केला आणि सगळं अडकलं. घास तिथेच बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. जितकं मन लावावं तितकं दार बंद. चौथ्या दिवशी चमचा ठेवल्यावर बाई सहज काहीतरी बोलायला लागली. आमच्या गावच्या तळ्यातल्या शिंगाड्यांचं. वडील शिंगाडे उकडून आणायचे आणि ती सोलून मला द्यायची, स्वतः सालं चाटायची. "तुले ते आठवत नसन," म्हणाली. मी आठवायला लागले, आणि घास खाली गेला. माझं मलाच कळलं नाही.

तिला बरोबर कळलं. त्या दिवसापासून जेवताना ती बोलायला लागली. काहीही बोलायची. लग्नाच्या दिवशी तिचं जोडवं हरवलं ते. भाऊजींना तंबाखूचा वास सुटायचा ते. पहिलं मूल गेलं ते, जे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी गावात नव्हते तेव्हा, शिकायला नागपूरला होते. मी ऐकत राहायचे आणि घास उतरत राहायचे. बोलणं तुटलं की गळा बंद. म्हणून ती थांबायची नाही.

एक दिवस बोलता बोलता म्हणाली, "त्या दिवशी तू मले आत जा म्हटलं. मले राग आला होता. पण मी तरी किती विचारत होतो तुले. मीच मधात मधात करत होतो."

माझ्या तोंडात घास होता. मला रडू आलं. ओठ वाकले, कपाळाला आठ्या पडल्या, डोळे मिटले, गळ्यातून मोठा आवाज निघाला. घास बाहेर आला. बाईने ताट बाजूला सरकवलं आणि पदराने माझं तोंड पुसलं.

"दिसलं मले," ती म्हणाली. "राहू दे."

दीड-दोन महिन्यांनी नळी निघाली. बोलणं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येण्याची आशा धरून बसू नका. मी धरली नाही. रोज दोन जेवणं, एकेक तासाची, आणि बाईच्या गोष्टी. मला वाटलं, चाललं असंच तर चालेल.

उन्हाळ्याच्या तोंडाला भाचा आला. त्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तिची आई हयात नव्हती. भाचा माझ्यासमोर मान खाली घालून बसला.

"मावशी, तू म्हणशीन तसं. तुझं कोण करन, ते मले समजते."

मी अशा कितीतरी बायका पाहिल्या होत्या. घरात करणारं कोणी नाही म्हणून उठलेल्या, पाणी भरायला गेलेल्या, आणि मग रक्तबंबाळ होऊन माझ्याकडे आलेल्या. मी पाटीवर लिहिलं, "घेऊन जा. आजच."

त्याने बाईच्या कानाशी ओरडून सांगितलं, "मावशी म्हणते, जा."

बाई उठून माझ्यासमोर बसली. आधी बसायची तशीच. तिने माझ्या ओठांकडे बघितलं.

"तू म्हणतं जा म्हणून? मनापासून म्हणतं?"

मी मान हलवून हो म्हटलं. तिने आणखी थोडा वेळ बघितलं. मला तिला सांगायचं होतं, जा, कारण तिकडे जास्त गरज आहे. पण तू गेल्यावर मला घास गिळता येणार नाही, आणि ते फक्त घासाचं नाही. रडू आलं असतं तर तिला दिसलं असतं. त्या वेळी आलं नाही. रडू असं मागितल्यावर येत नाही, हेच तर माझं दुखणं होतं. माझा चेहरा भिंतीसारखा होता आणि बाई त्यावर काहीतरी शोधत होती.

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवी भरायला उठली.

ती गेल्यावर घरकामाला एक बाई ठेवली. चांगली होती, पण घाईची होती आणि माझ्याशी काय बोलायचं तिला सुचत नसे. दोनदा मोठा ठसका लागला, ती घाबरली. मग मी स्वतःच खायला लागले. रेडिओ लावून पाहिला, टीव्ही लावून पाहिला. त्यांचं बोलणं माझ्यासाठी नसतं, ते मनाला कळतं बहुधा. गळ्याला फसवता येत नाही. सकाळी दारात बसून खाल्लं तर बरं जातं. बाजार समितीकडे जाणाऱ्या गाड्या, माणसं, त्यांचं भांडण, यात लक्ष गेलं तर चार-पाच घास उतरतात. रस्त्यावरचे ओळखीचे लोक पूर्वी थांबायचे. आता हात करतात आणि पुढे जातात. मी रागावून बघते आहे असं त्यांना वाटतं. त्यांचा दोष नाही. मी आरशात पाहिलंय.

भाच्याने व्हिडिओ कॉल लावून दिला एकदा. बाई फोनच्या अगदी जवळ आली, तिचं नाक आणि डोळे तेवढेच दिसत होते. बोलली थोडं. मी बघत होते. मग तिने मुलाला विचारलं, "हे हालत काऊन नाई? अटकलं काय?"

"नाई, मावशीच आहे," तो म्हणाला, पण तिला ऐकू आलं नाही. तिने फोन हलवून पाहिला. मी हात वर केला, तेव्हा म्हणाली, "हां, चालू आहे."

सुनेला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची. भाच्याने ते कळवलं तेव्हा मी घरात एकटीच होते आणि मला हसू फुटलं. कोणी बघायला नव्हतं. मी गालाला हात लावून पाहिला, ओठ खरंच वर गेले होते.

दिवाळीनंतर मी कोरपन्याला गेले. गळ्यात चिठ्ठी अडकवली होती, "मला बोलता येत नाही. ऐकू येतं. समजतं." बसमध्ये शेजारी बसलेल्या पोरीने माझी लाळ पाहिली आणि पुढची जागा रिकामी होताच तिकडे गेली. रस्त्याच्या दोन्हीकडे कापूस फुटलेला होता. मी खिडकीबाहेर बघत गेले.

बाई अंगणात होती, मांडीवर नात. तिने मला बघून ओरडून सुनेला बोलावलं, पोरीला माझ्या हातात दिलं. बाई जाड झाली होती, बरी दिसत होती. जेवायच्या वेळी तिने आंबील केली होती, माझ्यासाठी म्हणून. माझ्यासमोर बसली, चमचा मागे नेऊन ठेवला आणि सवयीने बोलायला लागली. दोन घास गेले. तिसरा ठेवला आणि आत पोरगी रडली. सुनेने हात दाखवून बोलावलं. बाई चमचा ताटात ठेवून उठली.

"आलो," म्हणाली मला.

मी हनुवटी वर करून बसून राहिले, जिभेच्या मागे घास तसाच. आतून बाईचा आवाज येत होता. ती पोरीशी बोलत होती, तळ्याचं, शिंगाड्यांचं, स्वतःला न ऐकू येणाऱ्या मोठ्या आवाजात. बराच वेळ आली नाही. मी ऐकत होते, पण ते मला सांगितलेलं नव्हतं. शेवटी बोट घालून घास काढला आणि चूळ भरली.

चार दिवस राहिले. निघताना भाच्याने सांगितलं की आई आता इथेच राहील म्हणते, पोरगी तिच्याशिवाय झोपत नाही. मी चिठ्ठीच्या मागे लिहिलं, "बरं आहे. तिची गोधडी आणि पेटी पाठवते." त्याने ते तिला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. बाई दारापर्यंत आली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पोरीचं टोपडं नीट करत म्हणाली, "सावकाश जा. घास मोठा घेऊ नको."

परत आल्यावर पेटी भरली. तिची दोन लुगडी, चष्म्याचं घर, पितळी डबी, गोधडी. गुरुजींच्या ओळखीचा एकजण कोरपन्याकडे जाणार होता, त्याच्याकडे दिली. मग आत आले, पेज गॅसवर ठेवली आणि ती घट्ट होईपर्यंत ढवळत उभी राहिले.